ख्रिस्ती विद्यापीठ आणि समाजशास्त्राचा अभ्यास

मुलीनें पदवीनंतर समाजशास्त्र घ्यावयाचें ठरविलें आणि चांगली जागा मिळाली ती नेमकी ख्रिस्ती लोकांनीं चालविलेल्या विद्यापीठांत, अशा वेळीं घरांत काय बोलणें होतें, हें आमच्या वाचकांस निराळें सांगावयास नको. आजोबा विचारतात, "तेथें प्रार्थनेला बसावें लागतें काय?" वडील विचारतात, "समाजशास्त्र शिकून पुढें काय?" आई कांहीं विचारीत नाहीं; वसतिगृहांतील जेवणाची चौकशी मात्र तिनें आधींच करून ठेविलेली असते. हे प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखे नाहींत. पत्रांतून ते आमच्याकडेहि वरचेवर येतात, म्हणून या महिन्यांत त्यांचाच थोडा सविस्तर विचार करावयाचें आम्हीं योजिलें आहे.

आजोबांच्या भीतीला इतिहास आहे. १८४३ सालीं मुंबईंत मिशनच्या शाळेंत शिकलेल्या नारायण शेषाद्रि या ब्राह्मण तरुणानें ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपति याचें प्रकरण तर कोर्टापर्यंत गेलें. मुलगा बापाच्या ताब्यांत परत आला, परंतु त्याला प्रायश्चित्त देऊन पंक्तीस घ्यावें कीं नाहीं यावरून आपल्याच लोकांत मोठें रण माजलें; बाळशास्त्री जांभेकरांनीं मुलाची बाजू घेतली व त्यापायीं पुष्कळ निंदा सोसली. मिशनरी शाळा म्हटली कीं घरांतील वडील मंडळी दचकते, तिच्या मुळाशीं अशा आठवणी आहेत. आज मात्र या प्रश्नाचें एक उत्तर कायद्यांतच आहे. आपल्या राज्यघटनेच्या २८ व्या कलमानें असें ठरवून दिलें आहे कीं, सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेंत कोणासहि त्याच्या संमतीवांचून, आणि तो अज्ञान असल्यास पालकांच्या संमतीवांचून, धर्मशिक्षणास अथवा उपासनेस बसविता येत नाहीं. आजोबांचें समाधान यानें व्हावयास हरकत नाहीं.

तथापि खरा प्रश्न याच्या पलीकडे आहे. ज्या संस्थेचा एका विशिष्ट धर्मावर विश्वास आहे, तेथें समाजाचा अभ्यास मोकळ्या मनानें होऊं शकतो काय? आणि परक्यांच्या संस्थेंत, परक्यांच्या पुस्तकांवरून आपल्या समाजाकडे पाहावयास शिकलेला मुलगा शेवटीं आपला राहतो, कीं परका होतो? याचें उत्तर तर्कानें देत बसण्यापेक्षां, जेथें हा प्रयोग प्रत्यक्ष घडला अशा एका विद्यापीठाची हकीकत सांगणें बरें. हें विद्यापीठ हिंदुस्थानांतील नाहीं, चीनमधील आहे. त्याचें नांव येन्चिंग.

पेकिंग शहराच्या आसपास निरनिराळ्या अमेरिकन व इंग्रज मिशनांनीं काढलेलीं कॉलेजें होतीं. तीं एकत्र करून हें विद्यापीठ उभें केलें, आणि १९१९ सालीं जॉन लेटन स्टुअर्ट हे त्याचे अध्यक्ष झाले. स्टुअर्ट हे मिशनरी मातापित्यांच्या पोटीं चीनमध्येंच, हांगचौ येथें, १८७६ सालीं जन्मले. चिनी भाषा त्यांस लहानपणापासून येत होती. १९२६ च्या सुमारास विद्यापीठ पेकिंगच्या वायव्येस नव्या विस्तीर्ण जागेंत गेलें. तेथील इमारती चिनी राजवाड्यांच्या धर्तीवर बांधल्या होत्या, आणि पाण्याच्या टाकीलासुद्धां जुन्या पॅगोडाचें रूप दिलें होतें. सत्यानें मुक्त व्हावें आणि ती मुक्तता सेवेस लावावी, अशा अर्थाचें बोधवाक्य विद्यापीठानें घेतलें होतें.

या संस्थेस चिनी तरुणांचा विरोध झाला नाहीं असें कोणी समजूं नये. १९२२ सालीं जगांतील ख्रिस्ती विद्यार्थ्यांची परिषद पेकिंगास भरली, तेव्हां धर्म हें परकीय सत्तेचें हत्यार आहे असें म्हणत चिनी विद्यार्थ्यांनीं मोठी चळवळ उभारली. पुढें १९२५ सालीं सरकारनेंहि असे नियम केले कीं, मिशनच्या शिक्षणसंस्थांत धर्मशिक्षणाची सक्ति असूं नये. येन्चिंगनें याच दशकांत उपासनेची व धर्मशिक्षणाची सक्ति काढून टाकली. देऊळ राहिलें, परंतु त्याचें दार आंत जाण्यास व न जाण्यास सारखेंच मोकळें झालें. आमच्या मतें येन्चिंगच्या पुढील कामगिरीचा पाया येथेंच घातला गेला. सक्ति असती तर चांगले विद्यार्थी आले नसते, आणि आले असते तरी त्यांनीं मनांतलें बोलून दाखविलें नसतें.

आतां समाजशास्त्र तेथें कसें आलें तें पाहूं. त्याचा उगम सेवाभावांतून झाला. जॉन स्टुअर्ट बर्जेस नांवाचे एक अमेरिकन गृहस्थ पेकिंगांत ख्रिस्ती तरुण संघाचें काम करीत असत. विद्यार्थ्यांस घेऊन गरिबांच्या वस्तींत कांहीं सेवा करावी, असा त्यांचा उद्योग. सेवा करूं लागल्यावर त्यांच्या ध्यानांत आलें कीं, या शहरांत गरीब किती, रिक्षा ओढणारे किती, त्यांस मिळतें काय, व्यापाऱ्यांच्या व कारागिरांच्या श्रेणी चालतात कशा, यांपैकीं कशाचीच आपणांस नीट माहिती नाहीं. मग त्यांनीं व सिडनी गॅम्बल यांनीं मिळून शहराची पाहणी केली, आणि १९२१ सालीं तिचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. हे गॅम्बल म्हणजे प्रॉक्टर अँड गॅम्बल या साबणाच्या सुप्रसिद्ध कंपनीच्या एका संस्थापकाचे नातू. घरच्या पैशावर स्वस्थ बसतां येत असतां त्यांनीं चीनमधील गरिबांच्या जमाखर्चाचे आंकडे गोळा करण्यांत आयुष्याचीं अनेक वर्षें घातलीं. १९२२ सालीं प्रिन्स्टन विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांच्या मदतीनें येन्चिंगमध्यें समाजशास्त्राचा स्वतंत्र विभाग निघाला आणि बर्जेस त्याचे प्रमुख झाले.

येथें एक गोष्ट ध्यानांत धरण्यासारखी आहे. दया आणि ज्ञान यांचा मार्ग कांहीं अंतरापर्यंत एकच असतो. पुढें त्याला फांटा फुटतो. दया करणारा म्हणतो, "हा मनुष्य गरीब आहे, याला मदत करूं." शास्त्र विचारतें, "हा गरीब कां झाला? याच्या गरिबीवर कोणाचें चाललें आहे?" हा दुसरा प्रश्न विचारला कीं दाता आणि घेणारा दोघेहि तपासणीखालीं येतात. येन्चिंगचा मोठेपणा हा कीं, मिशनच्या पैशावर चाललेल्या त्या विभागानें हा दुसरा प्रश्न विचारण्याची मोकळीक आपल्या विद्यार्थ्यांस दिली.

१९३० सालीं पेकिंगच्या उत्तरेस चिंगहो नांवाच्या बाजारपेठेच्या गांवीं विभागानें एक केंद्र उघडलें. भोंवतालच्या खेड्यांतून पाहणी करावयाची, आणि त्याबरोबरच दवाखाना, शाळा, विणकाम, पतपेढी अशीं कामें करून पाहावयाचीं, असा तेथील क्रम होता. समाजशास्त्राचा विद्यार्थी वर्गांत बसून टिपणें उतरून घेण्यापुरता विद्यार्थी नव्हता. त्याला शेतकऱ्याच्या ओट्यावर बसून त्याच्या कर्जाचा हिशेब समजून घ्यावा लागे. १९३७ सालीं जपाननें युद्ध सुरू केलें आणि हें काम बंद पडलें.

तरीहि एक अडचण होतीच. पुस्तकें अमेरिकन, उदाहरणें अमेरिकन, आणि पुष्कळसें शिक्षणहि इंग्रजींतून. न्यूयॉर्कमधील झोपडपट्टीचें वर्णन पेकिंगांतील मुलानें पाठ करावें, हा प्रकार ज्यांस मुळींच मानवला नाहीं, असे एक तरुण अध्यापक १९२९ सालीं तेथें आले. त्यांचें नांव वू वेनझाओ. ते स्वतः अमेरिकेंत कोलंबिया विद्यापीठांत शिकलेले. परंतु त्यांचा आग्रह असा कीं, समाजशास्त्र चिनी झालें पाहिजे, म्हणजे चिनी खेडीं, चिनी कुटुंबें यांच्या प्रत्यक्ष पाहणींतून तें पुन्हां उभें राहिलें पाहिजे. त्यांनीं चिनी भाषेंतून शिकवावयास प्रारंभ केला. त्यांच्या पत्नी बिंग शिन या चीनच्या नामांकित लेखिका. रवींद्रनाथांची 'गीतांजलि' त्यांनीं चिनींत आणली, तेव्हां आपल्या देशाशींहि या घराचा एक धागा जुळतो. स्वदेशीचा आग्रह धरणाऱ्या वू यांनीं परक्यांस दार मात्र बंद केलें नाहीं. त्यांच्या काळांत १९३२ सालीं शिकागोचे रॉबर्ट पार्क येन्चिंगमध्यें शिकवावयास आले, आणि १९३५ सालीं रॅडक्लिफ-ब्राउन आले. पार्क यांनीं विद्यार्थ्यांस वर्गांतून उठवून पेकिंगच्या तुरुंगांत आणि थिएनछियाओ या गोरगरिबांच्या बाजारांत नेलें. ज्ञान कोठें मिळतें, याचा हा धडा त्या विद्यार्थ्यांस जन्मभर पुरला.

त्या विद्यार्थ्यांतच फे श्याओतोंग हा होता. १९१० सालीं जन्मलेला हा मुलगा प्रथम वैद्यकाकडे जावयाचें म्हणून सूचौच्या दुसऱ्या एका ख्रिस्ती विद्यापीठांत शिकत होता. एकेका रोग्याचें दुखणें बरें करण्यापेक्षां समाजाचें दुखणें समजून घ्यावें, असें वाटून १९३० सालीं तो येन्चिंगला आला. तेथेंच शिकणाऱ्या वांग थुंगहुइ या मुलीशीं १९३५ च्या उन्हाळ्यांत त्याचा विवाह झाला, आणि दोघेंहि लगेच दक्षिणेस क्वांगसीच्या डोंगरांत याओ लोकांचा अभ्यास करावयास निघालीं. डिसेंबरांत डोंगर उतरतांना वाट चुकून फे वाघासाठीं लावलेल्या सांपळ्यांत सांपडला व जबर जखमी झाला. त्याला तेथेंच ठेवून मदत आणावयास गेलेली वांग परत आली नाहीं. पुढें कांहीं दिवसांनीं तिचें प्रेत ओढ्यांत सांपडलें. लग्नाला चार महिनेहि झाले नव्हते. समाजशास्त्र हा सुखवस्तु लोकांनीं आरामखुर्चींत बसून करावयाचा विषय आहे, असें ज्यांस वाटतें, त्यांनीं ही हकीकत अवश्य आठवावी.

जखमा भरून येण्यासाठीं फे आपल्या मुलखांत आला. त्याची वडील बहीण काइश्यानगुंग नांवाच्या खेड्यांत रेशमाच्या धंद्याची सुधारणा करीत होती. तेथें गांवकऱ्यांचा सहकारी कारखाना निघाला होता. १९३६ च्या उन्हाळ्यांत फेनें त्या खेड्याची पाहणी केली, तीं टिपणें घेऊन तो लंडनला मॅलिनोव्स्की या मानवशास्त्रज्ञाकडे गेला, आणि १९३९ सालीं त्याचें पुस्तक प्रसिद्ध झालें. तोंवर मानवशास्त्रज्ञ म्हणजे समुद्रापार जाऊन 'रानटी' म्हणविल्या जाणाऱ्या लोकांविषयीं लिहिणारा गोरा विद्वान्, अशीच समजूत असे. येथें एक मनुष्य आपल्याच लोकांविषयीं लिहीत होता, आणि मॅलिनोव्स्कीनें प्रस्तावनेंत याच गोष्टीचा मोठा गौरव केला.

त्या पुस्तकांत काय आहे? रेशमाचा भाव उतरला, घरोघरीं होणारें सूत काढण्याचें काम बसलें, शेतावर भागेना म्हणून शेतकरी कर्जांत गेला, आणि जमीन शहरांतील सावकाराच्या हातीं गेली, याचा पायरीपायरीनें लावलेला हिशेब आहे. फेचा निष्कर्ष असा कीं, खंड कमी करून तेवढ्यानें भागणार नाहीं. खेड्याचा गेलेला धंदा खेड्यास परत मिळाला पाहिजे. चरखा आणि ग्रामोद्योग यांवरील वाद ऐकत वाढलेल्या आपल्या वडील पिढीस हा निष्कर्ष ओळखीचा वाटला असता. परंतु आमच्या भगिनींस त्यांतील एक लहानशी गोष्ट अधिक आवडेल. कारखान्यांत जाऊन मजुरी मिळवूं लागलेली एक तरुण सून, पाऊस आला असतां नवऱ्यानें छत्री पाठविली नाहीं म्हणून त्याला चारचौघांत बोलली. गोष्ट एवढीच. पण फेनें ती टिपून ठेवली, कारण पूर्वीच्या काळीं त्या गांवीं सुनेनें असें बोलणें कोणास खपलें नसतें. हातांत पगार आला आणि घरांतील बोलण्याची रीत बदलली. अशा बारीकसारीक गोष्टींतून मोठा फरक ओळखावयाचा, हेंच या शास्त्राचें काम.

येन्चिंगचाच दुसरा एक विद्वान्, ली आनचाइ, अमेरिकेंत गेला असतां तेथील झुनि नांवाच्या आदिवासी लोकांत जाऊन राहिला. त्यानें १९३७ सालीं लिहिलेल्या निबंधांत झुनि लोकांतील पुढारीपण आणि मुलांस वळण लावण्याची रीत यांविषयीं अमेरिकन पंडितांचे समज तपासून पाहिले, आणि त्यांची नजर त्यांच्याच समाजाच्या चालीरीतींनीं कशी बांधलेली आहे, हें सौम्य शब्दांत दाखवून दिलें. पाश्चात्त्यांनीं शिकविलेल्या विद्येनें पाश्चात्त्यांचीच चूक काढावी, यापरती गुरुदक्षिणा ती कोणती?

आपल्याकडील दोन उदाहरणें येथें आठवल्यावांचून राहत नाहींत. श्रीमती इरावतीबाई कर्वे यांनीं १९२८ सालीं मुंबई विद्यापीठांत डॉ. गो. स. घुर्ये यांचे हाताखालीं जो प्रबंध लिहिला, त्याचा विषय चित्पावन ब्राह्मण हा होता. मुंबई विद्यापीठ ख्रिस्ती नव्हतें. पण स्वतःच्या जातीला टेबलावर मांडून तिचें परीक्षण करण्याचें धैर्य तेंच, जें फेनें पुढें आपल्या मुलखांतील खेड्याविषयीं दाखविलें. दुसरें उदाहरण डॉ. क्लिफर्ड मॅन्शार्ट यांचें. हे अमेरिकन मराठी मिशनचे पाद्री; नागपाड्याच्या गिरणीकामगारांच्या व गोरगरिबांच्या वस्तींत ते काम करीत. त्यांच्याच पुढाकारानें १९३६ सालीं टाटांच्या दानांतून समाजकार्य शिकविणारी संस्था नागपाड्यास निघाली, आणि ते तिचे पहिले संचालक झाले. १९४४ पासून ती टाटा समाजविज्ञान संस्था या नांवानें ओळखली जाते. पैसा पारशांचा, संचालक ख्रिस्ती, विद्यार्थी सर्व धर्मांचे. आणि संस्था कोणत्याहि धर्माची नाहीं. बर्जेस यांनीं पेकिंगांत जी वाट धरली, तीच मॅन्शार्ट यांनीं मुंबईंत धरली: सेवेपासून निघून ते शास्त्रापर्यंत आले.

येन्चिंगचा शेवट मात्र सुखाचा झाला नाहीं. १९४१ च्या डिसेंबरांत जपानी लष्करानें तें बंद केलें; स्टुअर्ट यांस युद्ध संपेपर्यंत कैदेंत ठेविलें. अध्यापक व विद्यार्थी दूर पश्चिमेस छंगतूला गेले व तेथें १९४२ सालीं पुन्हां वर्ग भरले. १९४५ नंतर विद्यापीठ पेकिंगास परतलें. पुढें स्टुअर्ट अमेरिकेचे चीनमधील राजदूत झाले, आणि मिशनरी विद्यापीठ म्हणजे अमेरिकन सत्तेचा हात, असें म्हणणाऱ्यांच्या हातीं आयतें कोलीत मिळालें. हा आक्षेप अगदींच पोकळ होता असें आम्ही म्हणणार नाहीं. ज्याच्या पैशावर संस्था चालते, त्याची छाया तिच्यावर पडतेच. १९५२ सालीं नव्या सरकारनें येन्चिंग बंद करून त्याचे विभाग इतर विद्यापीठांत वांटून टाकले. ती सुंदर जागा पेकिंग विद्यापीठास मिळाली. त्याच पुनर्रचनेंत समाजशास्त्र हा विषयच चीनच्या विद्यापीठांतून काढून टाकण्यांत आला. तो परत सुरू करा असें म्हणणाऱ्या फे, वू इत्यादि विद्वानांस १९५७ सालीं 'उजवे' ठरवून बाजूस सारलें. तब्बल सत्तावीस वर्षांनीं, १९७९ सालीं, या शास्त्रावरील बंदी उठली, आणि तें पुन्हां उभें करण्याचें काम सत्तरीला आलेल्या फे यांच्याकडेच आलें. २००५ सालीं ते वारले.

यावरून काय दिसतें? ख्रिस्ती विद्यापीठांत देऊळ होतें, आणि त्याच्या आवारांत समाजशास्त्र तीस वर्षें वाढलें. देऊळ काढून टाकणाऱ्या राजवटीला मात्र तें शास्त्रहि नकोसें झालें. समाजाविषयीं मोकळेपणीं प्रश्न विचारलेले जिला सोसत नाहींत, अशी कोणतीहि सत्ता या विद्येची वैरीण आहे. मग ती पाद्र्याची असो, पक्षाची असो, नाहीं तर घरांतील वडीलधाऱ्यांची असो.

म्हणून पालकांनीं विद्यापीठाच्या नांवापुढें कोणत्या संताचें नांव आहे, याची फार चिकित्सा करूं नये. दुसरी चौकशी करावी. तेथें उपासनेस हजर राहण्याचें बंधन आहे काय? विद्यार्थ्यांस प्रत्यक्ष वस्तींत, खेड्यांत नेऊन काम करून घेतात, कीं परीक्षेपुरतीं टिपणें देतात? मराठींतील लेख, आंकडे, नोंदी अभ्यासांत येतात काय? आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, हिंदूंच्या जातिभेदावर निबंध लिहावयास सांगणारा अध्यापक, ख्रिस्ती मंडळींत जातिभेद कसा शिल्लक आहे, यावरहि निबंध लिहूं देतो काय? यांस समाधानकारक उत्तरें मिळालीं तर मुलीला निःशंकपणें पाठवावें. वडिलांच्या प्रश्नाचें उत्तरहि यांतच आहे. अशा तऱ्हेनें जी शिकली, तिला लोकांत जाऊन माहिती मिळवितां येते, आंकडे वाचतां येतात आणि कळलेलें नीट लिहितां येतें. असें मनुष्य सहसा रिकामें बसत नाहीं.

मात्र एका गोष्टीची तयारी असावी. मुलगी सुट्टींत घरीं येईल ती गळ्यांत क्रूस घालून येणार नाहीं. वही घेऊन येईल. घरांत शेवटीं कोण जेवतें, देवघराच्या कामाचे दिवस कोणाचे कसे ठरतात, भांडीं घासावयास येणाऱ्या बाईंचा चहाचा कप निराळा कां ठेविला आहे, त्यांचीं मुलें कोणत्या शाळेंत जातात, हें सर्व ती विचारील. तिच्या प्रश्नांनीं आपण दुखावूं, कारण त्यांपैकीं कांहींचीं उत्तरें आपणांजवळ नाहींत, आणि कांहींचीं आहेत तीं उघड सांगण्यासारखीं नाहींत. अशा वेळीं "हेंच शिकविलें काय तुला त्या पाद्र्यांनीं?" असें म्हणून तिचें तोंड बंद करणें सोपें आहे. तसें करूं नये. धर्म बुडेल या भयानें आपण ज्या मुलीला दूर पाठवावयास कचरत होतों, ती परत येऊन आपल्याच घराकडे इतक्या बारकाईनें पाहत असेल, तर ती आपल्यापासून दूर गेली नाहीं. तिला बसवून घ्यावें, आठवतें तेवढें खरें सांगावें, आणि तो निराळा कप तेवढा त्याच दिवशीं उचलून बाकीच्या कपांत ठेवावा.